चिट्यालसाहेबांचा पहिला प्रश्न

चिट्यालसाहेबांची गोष्ट सांगायचं काम आमच्या घरात हिचं होतं. मी आपला शेजारी बसून मान हलवायची, आणि ती कुठं चुकली की मध्ये बोलायचं. मग चार माणसांत माझंच चुकलंय असं ठरायचं. गेल्या चैत्रात ती गेली. आता ही गोष्ट सांगणारं घरात कुणी नाही. पोरांना अर्धी माहीत आहे, आणि अर्धी गोष्ट म्हणजे फाटकी चादर, पांघरली तरी पाय उघडेच. म्हणून मीच लिहायला बसलोय. माझं शिक्षण चौथी. आजवर लिहिलं ते जीप कुठं गेली आणि पेट्रोल किती लागलं एवढंच. कुणाला काना-मात्रेच्या चुका काढायच्या असतील त्यानं आपल्या घरी बसून काढाव्यात.

लोकांना चिट्यालसाहेब माहीत झाले टीव्हीमुळं. ग्रहांकडं यानं धाडायच्या कामातले मोठे साहेब, असं पेपरात आलं होतं. मला ते माहीत आहेत बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षांतले, अंगानं काटकुळे, पायात शिवलेली चप्पल, आणि माझ्या जीपमध्ये शेजारच्या सीटवर बसून मला गाडी शिकवणारे. त्यांना स्वतःला गाडी येत नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

व्यंकटेश चिट्याल हे सोलापूरच्याच पूर्व भागातल्या तेलुगू विणकराचे चिरंजीव. बाप हातमागावर बसायचा, आई सुताच्या कांड्या भरायची. साहेब शिकले, इंजिनियर झाले, हैदराबादला लागले. तिकडून तेव्हा मोठमोठे फुगे सोडायचे. फुगा म्हणजे जत्रेतला नव्हे. पातळ प्लॅस्टिकचा, पुरता फुगला की त्याच्या पुढं आमच्या गिरणीची चिमणी म्हणजे काडी. फुग्याखाली दोरीला एक छत्री, आणि छत्रीखाली पेटी. पेटीत यंत्रं. जी यंत्रं पुढं कधीतरी यानात बसवायची, ती आधी अशी वर टांगून बघायची. तो फुगा इतका उंच जायचा की तिथं भर दुपारीसुद्धा आभाळ काळं असतं, असं साहेब सांगायचे. काम झालं की वरच्या वर दोरी तोडायची, छत्री उघडायची, पेटी खाली. उन्हाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडं वाहतो, त्यामुळं पेट्या पडायच्या आमच्या जिल्ह्यात. कुणाच्या उसात, कुणाच्या विहिरीवर, कुणाच्या लग्नात. त्या शोधून आणायला जिल्ह्यातली चारी भाषा बोलणारा माणूस पाहिजे होता. साहेबांना तेलुगू घरची, मराठी शाळेतली, कन्नड आजोळची आणि दखनी गल्लीतली. म्हणून त्यांना इकडं धाडलं, आणि त्यांनी भाड्यानं माझी जीप घेतली.

पहिल्या दिवशी एस.टी. स्टँडवर उतरले, नाव-गाव काही विचारलं नाही, माझ्या शर्टाची बाही दोन बोटांत धरली. म्हणाले, "कापड गिरणीचं, शिवलंय घरी. चांगली शिवलीय." मला राग आला. परका माणूस अंगाला हात लावतो म्हणजे काय? घरी सांगितलं तर ही म्हणाली, "माज्या शिवणाला चांगलं म्हनला न्हवं? मग त्येला जेवायला बोलवा." तेव्हापासून साहेब सोलापुरात असले की जेवायला आमच्याकडं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. दुसरं काही वाढलं तर म्हणायचे, "वहिनी, पाहुणा करू नका मला."

त्यांच्या बोटांत कायम सुताचा एक तुकडा असायचा. विणकराचं पोर. तुटलेलं सूत सांधायची जी बारीक गाठ असते ती ते एका हातानं, न बघता मारायचे. बोलताना, जीपमध्ये बसल्यावर, हापिसात फोनवर. खूश असले की एक गाठ मारून सोडायची, परत मारायची. रागावले की गाठीवर गाठ. हैदराबादचे मोठे साहेब फोनवर त्यांना झापायला लागले की इकडून यांचं "हो सर, हो सर" चालू, आणि हातातल्या सुताची गोटी झालेली. वरचा आवाज मात्र लोण्यासारखा. मला असला माणूस आधी लबाड वाटला. मग कळलं, तो राग गिळत नव्हता, बांधून ठेवत होता.

आणि जीपमध्ये एकच मंत्र. उतार दिसला की, "बाबूराव, दुसऱ्यात घ्या." अहो, मी ट्रक चालवलेला माणूस. मला घाट पाठ. पण नाही. ओढ्याचा उतार असला तरी, "दुसऱ्यात घ्या." एकदा मी वैतागून जीप थांबवली, खाली उतरलो आणि म्हणालो, "तुमीच घ्या." ते खरंच सरकून स्टिअरिंगवर बसले. पुढचं सांगत नाही. बाभळीच्या झाडाला विचारा.

आता त्यांच्या त्या प्रश्नाकडं येतो.

पेटी पडली असेल त्या गावात गेलो की साहेब कधी उभ्यानं बोलायचे नाहीत. आधी पाणी मागायचे. पाणी पिऊन झालं की खाली जमिनीवर बसायचे, आणि पेटीचं नाव न काढता विचारायचे, "आमची एक वस्तू वरनं पडलीय. कुणाचं काय मोडलं का?"

सुरुवातीला मी म्हणालो, साहेब, हे काय उलटंच? आपली वस्तू हरवलीय, आपण विचारायचं पेटी कुठाय. तुम्ही त्यांनाच तक्रार करायला शिकवताय. तर म्हणाले, "बाबूराव, मागावरनं लाकडी धोटा उडाला की मालक ओरडायचा, कापड फाटलं का बघा. माझा बाप आधी विचारायचा, कुणाला लागलं का. लोक खरं कुणाला सांगायचे, मालकाला की बापाला?" मी मान हलवली. गाडी चालवली.

त्या प्रश्नाचा गुण मी अक्कलकोटच्या पलीकडं बघितला. तिथं छत्री सापडली, पण मांडवाच्या डोक्यावर. लग्नघर. एवढं मोठं पांढरं कापड आभाळातनं अंगणात उतरलं, म्हणजे स्वामींनीच धाडलं, असं म्हणून त्यांनी ते वर ताणलेलं. मी म्हणालो, फौजदाराला आणू. साहेबांनी पाणी मागितलं, बसले, आणि कन्नडमध्ये आपला प्रश्न विचारला. मुलीचा बाप म्हणाला, मोडलं काही नाही, पण आत्ता छत्री काढली तर लग्न मोडल्यासारखं होईल. मग साहेब म्हणाले, अक्षता पडू द्या. आम्ही दोघं पंगतीला बसलो, गव्हाची हुग्गी खाल्ली, नवरा-नवरीवर अक्षता टाकल्या आणि संध्याकाळी त्याच वऱ्हाडानं छत्री घडी घालून जीपमध्ये ठेवून दिली. पेटी त्यांनी आधीच देवघरात जपून ठेवली होती. छत्रीवर हळदीचे डाग कशाचे, असं हैदराबादेहून विचारणं आलं. साहेबांनी उत्तर धाडलं: लग्नाचे.

पण खरी गोष्ट सांगोल्याकडची. ही सांगताना आमची ही पदर खोचून बसायची.

साहेबांनी स्वतः एक यंत्र बनवलं होतं. यान पृथ्वी सोडून लांब गेलं की तिथं रस्ता नाही, मैलाचा दगड नाही. आजूबाजूचे तारे बघून त्यानं आपलं तोंड कुठं आहे ते ओळखायचं. त्यासाठीचं ते यंत्र. ताऱ्यांचे फोटो आत फिल्मवर उमटायचे, आणि ती फिल्म खाली सुखरूप आली तरच कळायचं की यंत्राला वर दिसतंय का ते आंधळंच आहे. पहिली पेटी पडल्यावर कुणीतरी उघडली, उजेडानं फिल्म गेली. दुसरी सापडली, पण पत्र्याच्या खोलीत पडून राहिली. आमचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. आतली फिल्म चिकटून तिचा गोळा झाला. मग मोठ्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं, तिसरी आणि शेवटची. ही गेली की यंत्राचं काम बंद, आणि चिट्याल, तुम्ही फायलींच्या टेबलावर. एवढं सांगून होईस्तोवर साहेबांच्या बोटांतलं सूत तुटलं होतं. तेवढं एकदाच तुटलेलं मी बघितलं.

तिसरी पेटी वैशाखात सुटली. सांगोल्याच्या अलीकडं, हिच्या माहेरापासून जवळच, छत्री उतरताना आम्ही जीपमधनं दुर्बिणीतनं बघितली. टेकाडामागं गेली. त्या दिवशी ही पण गाडीत होती, माहेरी बारशाला निघालेली. आम्ही टेकाडाला लांबचा वळसा घालून गावात पोचलो तर छत्री नाही, पेटी नाही. गाव म्हणालं, आमच्या हद्दीत काय पडलं न्हाय. आणि समोर कडब्याच्या गंजीवर फाटून पडलेल्या फुग्याचं प्लॅस्टिक झाकलेलं, वर दगड ठेवलेले.

मी तोंडाचा फटकळ. म्हणालो, "आन् ह्ये काय मग, तुमच्या आज्जीचं लुगडं?"

साहेबांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस हिरवं-निळं होतं. मग पाणी मागितलं. बसले. प्रश्न विचारला. माणसं एकेक करून घरात गेली. लिंबाखाली जाऊन बसले. संध्याकाळी परत निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. पाणी, बसणं, तोच प्रश्न. माणसं ओशाळल्यासारखी इकडंतिकडं बघायची, पण तोंड उघडायची नाहीत. ऊन असं की जीपच्या बॉनेटवर भाकरी भाजावी. मला दिसत होतं, कुठंतरी पत्र्याखाली ती फिल्म वितळतीय, आणि हा माणूस लोकांना विचारतोय तुमचं काय मोडलं. ही माहेराहून आली आणि गावातल्या बायकांत जाऊन बसली. तिथं तिनं एवढंच सांगितलं, "आमचा सायेब येगळा हाय. त्यो इचारतोय त्ये खरंच इचारतोय."

तिसऱ्या दिवशी गंगूआज्जी आली. धनगराची म्हातारी, कमरेत वाकलेली, हातात काठी. साहेबांच्या पुढ्यात काठी आपटून म्हणाली, "माजी मेंढी मेली. गाभण व्हती."

साहेब उठले. पेटीबद्दल एक शब्द नाही. म्हणाले, कुठं मेली, दाखवा. मेंढ्यांच्या वाड्यात गेले, तुटलेलं कूड बघितलं, जमिनीला पडलेला खळगा बघितला. पेटी नेमकी त्या मेंढीवरच आली होती. म्हातारीपुढं हात जोडून म्हणाले, चूक आमची.

म्हातारीनं डोळे बारीक केले. "सरकार चुकतंय व्हय कदी?"

"चुकतंय की आज्जी. आत्ताच चुकलंय."

म्हातारीनं काठी खाली ठेवली. मग मागं वळून पुतण्याला म्हणाली, "तातोबा, सांग रं ह्येला."

तातोबानं जे सांगितलं ते ऐकून मी डोक्याला हात लावला. पेटीवर मराठीत छापलेलं होतं: उघडू नका, थंड जागी ठेवा, पोलिसांना कळवा. पेटीचा एक कोपरा पडताना चेपला होता. आता पोलिसांना कळवावं तर ते म्हणणार तुम्हीच मोडली, आणि मेंढीचं तर नावच नको. म्हणून ती एक ओळ त्यांनी सोडून दिली. बाकीच्या दोन मात्र इमानानं पाळल्या. उघडली नाही. आणि गावात सगळ्यांत थंड जागा कुठली? पेव. जमिनीत खोल खणलेलं, आत ज्वारी भरायची, वर चिरा ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. त्याच आठवड्यात तातोबाची ज्वारी पेवात चालली होती. त्यांनी त्या रात्री अर्धी ज्वारी ओतली, मधोमध पेटी ठेवली, चारी बाजूंनी गार राहावी म्हणून, आणि वर उरलेली अर्धी ओतून पेव बंद केलं.

साहेब हसायला लागले. तीन दिवसांत पहिल्यांदा.

पण बंद पेव म्हणजे बंद. एकदा लिंपलं की पाऊसपाणी बघून, गरज पडली तरच उघडायचं. मध्येच उघडलं की हवा लागते, किडा पडतो. पेटी मधोमध, म्हणजे सगळी ज्वारी बाहेर काढायची, उन्हात घालायची, परत भरायची. घराची वर्षाची भाकरी होती ती. तातोबा कबूल झाला, पण म्हणाला, आमच्या रीतीनं. रीत काय? पेवाचं तोंड उघडून ठेवायचं आणि लगेच कुणी आत उतरायचं नाही. आत हवा कोंडलेली असते, उतरलेला माणूस वर येत नाही. कंदील सोडून बघायचा. कंदील जळला तर माणूस उतरेल.

चिरा बाजूला केला, आणि नेमके त्याच वेळी मोठे साहेब आले. पेटी तीन दिवस मिळेना म्हणून हैदराबादेहून थेट, पाठोपाठ पोलिसांची गाडी. कंदील आत सोडला होता, तो विझून वर आला. मोठे साहेब म्हणाले, हा काय खेळ चाललाय? दोरी बांधून एक माणूस उतरवा, तासाभरात पेटी बाहेर. हवालदार पुढं झाला. आणि चिट्यालसाहेब पेवाच्या तोंडाशी मांडी घालून बसले. अगदी तोंडाशी. आता कुणाला उतरायचं तर यांना ओलांडून जावं लागणार.

मोठे साहेब इंग्रजीत काय काय बोलले. यांनी उत्तर मराठीत दिलं, गावाला कळावं म्हणून. "सर, पोलिसांनी आज पेटी निघेल. पण उतरलेला माणूस आत दगावला तर? आणि पुढची पेटी पडली की हे लोक ती कुठं ठेवतील, ते आपल्याला कुणी सांगणार नाही."

"आणि फिल्म गेली तर?"

"गेली तर माझी गेली," साहेब म्हणाले. हातात सूत होतं, पण गाठ मारत नव्हते. नुसतं बोटाला गुंडाळलं होतं.

मोठे साहेब पेवात डोकवायला वाकले तशी आमची ही तिकडनं ओरडली, "सायेब, वाकू नगा, आतला वारा लागंल." ते दचकून मागं सरले आणि लिंबाखाली जाऊन बसले. बायकांनी त्यांना भाकरी आणि चटणी दिली. आधी नको म्हणाले. मग दुसरी मागितली.

ऊन कलल्यावर कंदील परत सोडला. सगळं गाव काठाशी वाकून. कंदील खाली गेला, हलला, आणि जळत राहिला. तातोबा उतरला. टोपल्यामागून टोपलं वर यायला लागलं. वाकळा, लुगडी, धोतरं, जे सापडेल ते अंथरून बायका ज्वारी पसरत होत्या. ही त्यांत. मी त्यांत. हवालदार त्यांत. शेवटी मोठे साहेब कोट काढून टोपली देणाऱ्यांच्या रांगेत उभे राहिलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितले. आणि मग खालनं तातोबाची हाक आली, "लागली की हाताला."

पेटी वर आली. साहेबांनी दोन्ही हात तिच्यावर ठेवले, मग गाल टेकला. वैशाखातली संध्याकाळ, दगड पोळत होते, आणि पेटी माठासारखी गार होती.

पेटी आली म्हणून साहेब निघून गेले नाहीत. मोठ्या साहेबांना म्हणाले, ह्यांचं पेव मोडलंय आपल्यासाठी, भरून जाऊ. ज्वारीला ऊन देऊन, परत भरून, चिरा लिंपेपर्यंत आम्ही तिथंच. पेटी तेवढा वेळ हिच्या माहेरी, रांजणाच्या शेजारी ओल्या पोत्यात.

मग सोलापुरात आलो. साहेबांच्या ओळखीच्या एका फोटो स्टुडिओत काळी खोली होती. साहेब आणि मोठे साहेब आत. मी आणि ही बाहेर बाकड्यावर, ताजमहालाच्या पडद्यापुढं, लग्नाचा फोटो काढायला आल्यासारखी. ही पुटपुटत होती, कुठल्या देवाला काय कबूल केलं ते तिचं तिला माहीत. दार उघडलं. साहेब ओली फिल्म दोन बोटांत धरून बाहेर आले, मोठ्या साहेबांच्या आधी, आणि हिच्यापुढं उजेडात धरली. बारीक बारीक ठिपके. सगळ्या फिल्मभर, एकही चौकट रिकामी नाही.

"वहिनी, भर दुपारचे तारे."

ही म्हणाली, "दिवसा तारे दाखवायला आमचे मालक एकटे पुरे व्हते की." आणि तोंडाला पदर लावून रडली.

यंत्र डोळस निघालं. काम बंद व्हायचं राहिलं बाजूला, मोठ्या साहेबांनीच ते पुढं नेलं. जाताना स्टुडिओच्या पायरीवर त्यांनी विचारलं, "चिट्याल, पुढच्या पेटीवर काय छापायचं? पेवात ठेवा?"

साहेब म्हणाले, "आहे तेच राहू द्या. वर एक ओळ वाढवा. तुमचं काही मोडलं असेल तर आधी ते सांगा."

आणि ती ओळ छापली गेली. पुढच्या पेट्यांवर मी स्वतः वाचली.

गंगूआज्जीला साहेबांनी मेंढी दिली, गाभणच. माझ्या जीपमध्ये मागच्या सीटवर बसवून नेली. तिनं वाटेत साहेबांचा जिल्ह्याचा नकाशा खाल्ला, पंढरपूर आणि मंगळवेढं दोन्ही. साहेब म्हणाले, "असू दे. तिकडं आता तिलाच विचारू."

दशक संपता संपता त्यांना खाली दक्षिणेत मोठ्या कामावर बोलावलं. आधी पृथ्वीभोवती फिरणारे उपग्रह, मग त्यापलीकडचं. एकेका यानाचं सगळं काम एका माणसाच्या हाताखाली असतं, तसले साहेब ते झाले. मधल्या वर्षांत कधीमधी यायचे. केस पांढरे झाले, चप्पल तीच वाटायची. मग मंगळाचं यान. ते तोवर निवृत्त झाले होते, पण यानाच्या कामाला त्यांना बोलवायचे, आणि यान मंगळाशी पोचायच्या दिवशीही बोलावून घेतलं होतं.

टीव्हीपुढं आमचं सगळं घर. मोठ्या हॉलमध्ये ओळीनं माणसं, पडदे, कुणी हलत नव्हतं. मग एकदम सगळे उठले, टाळ्या, मिठ्या. पुढच्या ओळीत एक तरुण बाई, केसांत गजरा माळलेली, हसत होती आणि डोळे पुसत होती. मी साहेबांना शोधत होतो. मला दिसेनात. हिचे डोळे आधीच अधू झालेले, तरी हिलाच दिसले. "ते काय मागं भिंतीला. हात बघा हात." बघितलं तर साहेब भिंतीला टेकून उभे, आणि उजव्या हाताची बोटं चालू. गाठ मारली, सोडली, मारली, सोडली.

ही टीव्हीला म्हणाली, "माज्या थोरल्या भणीला मंगळ हाय म्हनून दोन जागी सोयरीक मोडली. आता तितं गेलाच हाय तर इचारा म्हनावं त्येला, तिनं काय घोडं मारलं व्हतं." त्या दिवशी गल्लीत पेढे आम्ही वाटले. लोक विचारायचे, तुमचा कोण लागतो? ही सांगायची, "जेवायला असायचा."

ती गेल्यावर साहेब आले. मी कळवलं नव्हतं, मला कुणाला कळवायचंच नव्हतं. संध्याकाळी दारात गाडी थांबली. उतरले, काठी घेऊन. पोरानं खुर्ची पुढं केली. त्यांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन खाली जमिनीवर बसले, गुडघे कुरकुरले तरी. मला कळलं आता काय येणार, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, नका विचारू.

"बाबूराव, काय मोडलं?"

मी महिनाभर कुणाजवळ बोललो नव्हतो. रडलोही नव्हतो. म्हणालो, "काय न्हाय. तिच्या बाजंची सुतळी तेवडी तुटलीया." आणि मग मला काही आवरलं नाही.

साहेब काठीला धरून उठले, बाजेपाशी गेले, सुतळीची दोन टोकं घेतली आणि गाठ मारली. गाठ तीच, विणकराची. मग दुसरीकडं सैल होतं ते ओढून घेतलं. बाज ताठ झाली. तिच्यावर बसून त्यांनी मला यानाची एक गोष्ट सांगितली, जी पेपरात नव्हती. यान सुटायच्या आधी त्यांनी सगळ्यांना बोलावून विचारलं होतं, कुणाचं काय मोडलंय? सगळ्यांनी आपापले कागद चाळले. मग ते खाली जमिनीवर बसले आणि पाणी मागितलं. एवढा मोठा साहेब खाली बसला म्हणून सगळे गोंधळले. आणि एक मुलगी उभी राहिली. तिच्या हातनं एक भाग निसटून टेबलावर आपटला होता, वरनं चांगला दिसत होता, म्हणून ती बोलली नव्हती. तपासला तर आतनं तडा. तारे बघणाऱ्या यंत्राचाच भाग. बदलला. ती बोलली नसती तर यान वाटेतच आंधळं झालं असतं.

"गजरेवाली?" मी विचारलं.

"तीच. तिला मी गंगूआज्जीची मेंढी सांगितली. आता ती तिच्या हाताखालच्यांना सांगते." मग म्हणाले, "वहिनी त्या बायकांत जाऊन बसल्या नसत्या तर आज्जी आली असती का, कोण जाणे."

हे हिच्या गोष्टीत कधी नव्हतं. ती स्वतःचं एवढंच सांगायची, की मी मोठ्या साहेबाला वाकू दिलं नाही.

जेवून गेले. भाकरी सुनेनं केली होती, कडक नव्हती. त्यांनी कांदा मात्र बुक्कीनं फोडला. दारात उभं राहून त्यांनी काठीनं वर दाखवलं. नुकतं अंधारायला लागलं होतं, आणि गिरणीच्या चिमणीच्या अंगाला एक तांबूस ठिपका होता. "तिथं," एवढंच म्हणाले.

आमच्या गल्लीच्या तोंडाला उतार आहे. त्यांची गाडी सरकारी, ड्रायव्हर पोरसवदा, कडक इस्त्रीचा. मी दारात उभा राहून बघत होतो. गाडी उताराच्या टोकाशी गेली, आणि मागच्या काचेतनं मला दिसलं, साहेब पुढं वाकले, ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला आणि दोन बोटं वर केली.

गाडीचा आवाज बदलला. त्यानं दुसऱ्यात घेतली.